गाठ पुरी होईपर्यंत

३ फेब्रुवारी

पहिल्याच दिवशी तिघांना फटके. दोराच्या टोकानं, पोटरीवर. अकरा जण आलेत प्रशिक्षक व्हायला, आणि निम्म्यांना हेल्मेटचा पट्टासुद्धा नीट आवळता येत नाही! उद्या हेच लोक दुसऱ्यांची पोरं कातळावर चढवणार. एक चाळिशीचा सुतार आहे. पोटरी चोळत म्हणाला, "मॅडम, आम्ही लाकडालासुद्धा एवढं झोडपत नाही." सगळे हसले. मीही हसले, आणि त्याला आणखी एक दिला.

भाची हसली नाही. ताईची मुलगी, चोवीस वर्षांची. मागच्या तुकडीत मीच तिला नापास केलं होतं. पुन्हा आलीय, माझ्याकडेच.

५ फेब्रुवारी

नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. गाठ पुरी होईपर्यंत बांधणाऱ्याशी बोलायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. आठाची गाठ दोनदा फिरते — आधी दोराचा आठ, मग टोक कमरेच्या हार्नेसमधून ओवून त्याच वाटेनं माघारी. मध्येच कुणी हाक मारली की माणूस निम्म्यावर थांबतो आणि नंतर त्याला वाटतं, झाली. लांबून दिसतेही झाल्यासारखी! म्हणून चढण्याआधी प्रशिक्षकानं गाठीवर स्वतःची बोटं फिरवायची. दर वेळी.

बावीस वर्षांत माझ्या हाताखाली एकही पडलेला नाही. मारलंय भरपूर. पडू दिलं नाही कुणाला. माझ्या सरांनी मला कॅराबिनर, दोर अडकवायची धातूची जड कडी, फेकून मारला होता, ते खांद्याचं हाड थंडीत अजून ठणकतं. त्यांच्यामुळेच मी जिवंत आहे असं मी सगळ्यांना सांगत आले.

९ फेब्रुवारी

भाचीनं पाय चुकीच्या खाचेत टाकला. हेल्मेटवर फटका मारला. जरा जोरातच बसला — जीभ चावली गेली, ओठावर रक्त. थुंकली आणि परत चढली. चिवट आहे पोरगी. शाबास म्हणायचं होतं, राहून गेलं.

१० फेब्रुवारी

ताईचा फोन. "तू तिला मारतेस?"

म्हटलं, मी सगळ्यांनाच मारते.

"अगं, ती भाची आहे तुझी!"

म्हणूनच तिला दोन जास्त! ताईनं फोन आपटला.

१४ फेब्रुवारी

भाची पडली.

१५ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते, नाहीतर उद्या मीच त्यात फेरफार करीन.

सकाळची चाचणी. कातळापाशी ती गाठ बांधत होती, सुतार तिचा दोर सांभाळणार होता. टोक हार्नेसमधून ओवलं आणि मान वर करून म्हणाली, "मावशी, आई विचारत होती —" गाठ निम्म्यावर, आणि बोलतेय! वर सगळ्यांसमोर मावशी! माझं डोकं सणकलं. कानाखाली एवढ्या जोरात वाजवली की ती कातळावर आदळली. "चढ!" ओरडले. तिचे हात निम्म्यावरच थांबले होते. डोळ्यांत पाणी. ती तशीच चढली.

मी गाठीवर बोटं फिरवली नाहीत. रागानं पाठ फिरवून उभी राहिले. सुतारानंही पाहिलं नाही. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणे, तर गाठीकडे कुठून बघणार!

वर पोचली. "घ्या भार," असं खाली सुताराला म्हणाली आणि दोरावर मागे टेकली. टोक हार्नेसमधून सुळकन निघालं. चार माणसांइतकी उंची. आवाज झाला तो ओल्या पोत्यासारखा. तोंडातून रक्त, दोन दात खडीवर, उजवं मनगट उलटं वळलेलं. ओटीपोटाचं हाड मोडलंय. जगेल, असं डॉक्टर म्हणतात. चालेल का, ते सांगत नाहीत.

१६ फेब्रुवारी

दवाखान्याच्या जिन्यात ताईनं मला धरलं. छत्रीनं मारलं. छत्री मोडली तेव्हा हातांनी मारलं. "ती तुझ्यासारखी व्हायला आली होती गं!" एवढंच ओरडत होती. मी हात वर केला नाही. नाकातून रक्त आलं ते पुसलंही नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ फेब्रुवारी

संस्थेच्या संचालकांनी बाकीच्या दहाही जणांचे जबाब घेतले. सगळ्यांचा एकच: गाठ उमेदवाराची चुकली, मॅडमनी तिला हात लावला नाही. माझी सही झाली नाही तर एकालाही प्रमाणपत्र मिळणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. संचालक म्हणाले, "सुटलात तुम्ही. आता गप्प बसा."

बाहेर सुतार दिसला. कॉलर धरून भिंतीला दाबला त्याला. "खोटं का लिहिलंस?" हात वर गेला माझा. त्यानं डोळे मिटले आणि गाल पुढे केला. एवढा दांडगा माणूस! हुशार पोरगा पाटी पुढे करतो तसा त्यानं गाल पुढे केला.

माझाच हात मला परका वाटला. बारा दिवसांत मी हे शिकवलं. गाठ नाही, हे!

२० फेब्रुवारी

माझा जबाब दिला. मारलं. नियम मीच मोडला. तपासलं नाही. चार ओळी, खाली सही. संचालकांनी कपाळावर हात मारला.

२ मार्च

प्रशिक्षण देण्याचा माझा अधिकार काढून घेतला, चौकशी होईपर्यंत. घरी बसून आहे. मोकळं वाटतंय. भाचीला भेटायला दवाखान्यात गेले तर ताईनं खोलीचं दार उघडलं नाही. बरोबरच आहे तिचं.

१९ मार्च

भाची एका कुबडीवर सात पावलं चालली. ताईनं नाही, नर्सनं फोनवर सांगितलं. रडले.

११ एप्रिल

चौकशी संपली. माझा जबाब 'धक्क्याच्या भरात दिलेला' म्हणून बाजूला ठेवला. अधिकार परत. नवी तुकडी सोमवारपासून. सोबत भाचीच्या जबाबाची प्रत, डाव्या हातानं लिहिलेली, वेडीवाकडी अक्षरं: 'मॅडमनी मला मारलं नाही. गाठ माझी चुकली. बरी झाल्यावर मला पुन्हा त्यांच्याच हाताखाली घ्यावं.'