बिरदेव राणू यांना खरे धरण्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
जुने अभिलेख व वंशावळ पडताळणी कक्ष,
बारामती.

अर्जदार: मानसिंग बापूसाहेब बंडगर, रा. अंथुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे.

विषय: माझे आजोबा बिरदेव राणू यांच्या नावापुढील 'काल्पनिक' हा शेरा खोडून मुलीचे जात पडताळणी प्रमाणपत्र शुक्रवारपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ: आपले दि. ११ ऑगस्टचे पत्र. (कितीही वेळा वाचले तरी त्यात तेच लिहिलेले आहे.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझी मुलगी रोहिणी हिला पशुवैद्यकीय महाविद्यालयात भटक्या जमातीच्या कोट्यातून जागा मिळाली आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पडताळणीचा कागद दिला नाही तर ती जागा जाणार. त्यासाठी पूर्वजाची जुनी नोंद लागते, ती मी मिळवून दिली. अंथुर्ण्याच्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, माझ्या वडिलांच्या जन्माची नोंद आहे: "मुलगा. बापाचे नाव बिरदेव राणू धनगर, रा. वाडा." या एका ओळीचे आपल्या कक्षाने काय केले ते खाली मांडतो.

१. आपल्या कक्षाने 'धनगर' हे आडनाव धरले. मग लिहिले की पूर्वजाचे आडनाव धनगर, अर्जदाराचे बंडगर, सबब रक्तनाते सिद्ध होत नाही. वर असेही लिहिले की नोंदीत जात नमूद नाही. साहेब, ती जातच आहे! तीच सिद्ध करायला मी आपल्या दारात उभा आहे. आडनाव आमचे तेव्हाही बंडगरच होते, पण मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला आडनावाने हाक मारतो कोण? जमीन नावावर झाली तेव्हा ते पहिल्यांदा कागदावर आले. आपल्या कारकुनांनी मला उपाय सुचवला, "राजपत्रात आडनाव बदलून धनगर करून घ्या, म्हंजे जुळंल." तसे केले तर मुलीच्या सगळ्या गुणपत्रिका जुळायच्या राहतील, हे मी त्यांच्या ध्यानात आणून दिले. तर म्हणाले, "त्यो विषय आमच्याकडं न्हाय."

२. 'रा. वाडा' वाचून आपण माझी फाइल पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात चौकशीला धाडली. उताऱ्याच्या माथ्यावर 'मौजे अंथुर्णे' असे ठळक अक्षरात असताना! तिथल्या लोकांनी बिचाऱ्यांनी शोधले आणि खरे तेच कळवले, की असे कुटुंब इथे आढळत नाही. आढळेल कसे? त्या उत्तरावरून आपण शेरा मारलात, "पूर्वज काल्पनिक."

३. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. ज्याच्या रानात रात्री मेंढरं बसली, तिथे वाडा. दिवाळी झाली की कोकणात आणि पाऊस लागायच्या आत परत अंथुर्ण्याला. हे मी तोंडी सांगितले तेव्हा आपण स्थळ पाहणीला माणूस पाठवला. वडिलांनी काठी टेकत त्याला कालव्यापलीकडच्या रानात नेले आणि म्हणाले, "हितं बसायचा आबाचा वाडा. चारा सरला की उठायचा." त्याने अहवालात लिहिले, "वाडा पडलेला असून जागेवर अवशेष नाहीत. मिळकत पत्रिका सादर करावी." मेंढरांभोवती लावायच्या जाळीची मिळकत पत्रिका! ती कोणत्या खिडकीवर मिळते तेवढे कळवावे.

४. संताप याचा येतो की, आम्हाला भटक्या जमातीत शासनानेच घातले. म्हणजे आम्ही फिरत होतो हे शासनाला मान्य आहे. आता तेच शासन म्हणते, फिरत होता तर कायमचा पत्ता दाखवा. पत्ता असता तर आम्ही भटके ठरलो असतो का? एवढे समजायला कुठली परीक्षा द्यावी लागते?

५. माझ्या वडिलांना अक्षरओळख नाही. पत्र आल्यापासून ते रोज विचारतात, "काय लिवलंय सायबांनी आबाबद्दल?" मी सांगतो, "अजून शोधत्यात." रोहिणीने मला बजावले आहे, "पप्पा, माझी जागा गेली तरी चालंल, पण ह्यो कागद आजोबांना वाचून दाखवू नका." जनावरांची डॉक्टर व्हायचे म्हणून चार वर्षं अभ्यास केलेली पोरगी हे बोलली. ती जागा सोडायला तयार आहे, मी नाही.

तरी विनंती की, सदर शेरा खोडून प्रमाणपत्र द्यावे. ते जमत नसेल, तर आपण स्वतः अंथुर्ण्याला यावे आणि "तुमचा बाप नव्हताच" हे माझ्या वडिलांना समोर बसून वाचून दाखवावे. ते घरीच असतात. कानाने ठीक आहेत.

आपला, अजूनपर्यंत नम्र,
(सही)
मानसिंग बापूसाहेब बंडगर
अंथुर्णे, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत:
१. कोतवाल बुकाचा उतारा
२. आपल्या पत्राची प्रत
३. रोहिणीचे प्रवेशपत्र
४. आमच्या घरी यायचा रस्ता, हाताने काढलेला