छत्तीस फोटो, कोरा रोल

प्रताप नगर, नागपूर
४ ऑगस्ट २०२४

ती. रुपरावमामांस,
उन्नतीचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. आईचं डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा असते. ती थकली, मीही थकली.

तुम्ही दिलेल्या जुन्या कॅमेऱ्यानं आईचे छत्तीस फोटो काढले. रोल धुतला तर सगळा कोरा. लॅबवाला म्हणे, आत फिल्म सरकलीच नाही. कशी भरू ते लिहा. आई रोज पुसते, फोटो कधी येतील.

माया आहे तशीच राहू द्या.
उन्नती

उमरेड
९ ऑगस्ट

चि. उन्नतीस,
अनेक आशीर्वाद.

सावलीत बस. मागचं झाकण उघडून रोल डावीकडं ठेव. फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळाच्या फटीत खोच. काठाची भोकं आतल्या चाकाच्या दातांवर बसली की लिव्हर एकदा ओढून पाह्य, मगच झाकण लाव. डावीकडची गुंडी हलक्या हातानं फिरवून फिल्मची ढील काढ. पुढं दर वेळी लिव्हर ओढताना ती गुंडी आपोआप फिरली पाहिजे. फोटो मोजणारा आकडा तर फिल्म अडली तरी सरकते, त्यावर भरवसा ठेवू नको.

हे मले तुझ्या आईच्या लग्नात समजलं. कुहीच्या मांडवात तिसऱ्याच फोटोले दिसलं होतं, गुंडी फिरून नाही राहिली. सारे वऱ्हाडी समोर उभे होते. लाज वाटली, तसाच बटन दाबत राहिलो. घरी सांगितलं, लॅबवाल्यानं रोल खराब केला. पुढं सहा वर्षांत भाऊजी गेले. दोघांचा एकत्र फोटो राहिला नाही, तो माझ्यामुळं. हे तुझ्या आईले, कामिनीले वाचून दाखव वं. छत्तीस वर्षं मले बोलता आलं नाही.

जमलं तर लोभ ठेवा.
रुपराव

नागपूर
२१ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र आईले वाचून दाखवलं. नवा रोल तुम्ही लिहिलं तसा भरला, फोटो आले. तिनं पाहिले आणि उशाशी ठेवून दिले.

काल डायलिसिसहून येताना ऑटोत म्हणाली, त्याले लिही, माझा राग गेला नाही. मग थोड्या वेळानं म्हणाली, मी तर दिवसभर मान खाली घालून होती, ह्यांच्याकडं धड पाहिलंच नाही. रुपराव मात्र छत्तीस वेळा डोळा लावून ह्यांना पाहत होता. फेटा कसा होता, हसत होते का, सारं त्याले ठाऊक असेल. पत्रात नको, समोर बसून सांग म्हणावं.

सोमवारी आणि शुक्रवारी ती घरी असते. उमरेडची सकाळची बस धरा.

तुमची वाट पाहणारी,
उन्नती