शके अकराशे दोन

१२ मार्च २०२६
चौकात औषधं आणायला गेले होते. प्रकाश पेंटरच्या दुकानापुढे आपल्या देवळाचा फलक वाळत ठेवलेला. पाडव्याला अनावरण. वाचलं आणि डोकंच फिरलं. 'शिलालेख : इ.स. ११०२. वाचन : कै. दत्तात्रेय गुरुजी.' अरे, दगडावर शके ११०२ आहे. इसवी सन काढायला त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, ११८०. सहावीतलं पोरही करेल. आणि ही घोडचूक ह्यांच्या नावावर.

१३ मार्च
बबनकडे गेले. देवस्थान समितीचा अध्यक्ष, सातवीला माझ्याच हाताखाली शिकलेला. चहा पाजला, ऐकून घेतलं, मग म्हणतो, "बाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी काय बिघडतंय? पत्रिकेत नऊशे वर्षांचं देऊळ छापलंय. तुमच्या हिशोबानं साडेआठशे बी भरत नाय." त्याचा व्याही शेजारी बसलेला. तो म्हणे, विक्रम संवत धरलं तर हेच साल १२३७. बबन घाईने म्हणाला, "ते नको, देऊळ आजून लहान व्हायचं."
साल म्हणजे भाजीचा भाव वाटतो ह्या लोकांना. 

१५ मार्च
ह्यांची वही काढली. दगडाला पीठ चोळून एकेक अक्षर उतरवलेलं, तीन उन्हाळे. 'शके ११०२, शार्वरी संवत्सर.' संवत्सरांची साठ नावं फिरून फिरून येतात, ती मोजून ह्यांनी ताळाही केलेला. बरोबर येतो. मी तशीच पुढे मोजत आले. चौदा फेरे झाले की शके १९४२, पुन्हा शार्वरी. म्हणजे २०२०. हे गेले ते साल.
तेव्हा चार माणसांत उरकलं. आता गाव नाव लावतंय, तर असं.
स्वयंपाक केला नाही.

१८ मार्च, संध्या.
प्रकाश दारात, हातात रंगाचा डबा. "बाई, अध्यक्ष बोलले, बाईंना राग येतो तर गुरुजींचं नाव काढून टाक. साल हाय तसंच ऱ्हाऊ दे."
म्हटलं, बस, विचार करून सांगते. नाव ठेवलं तर खोटं ह्यांच्या तोंडी. काढलं तर गावात ह्यांचं कुठेच काही नाही.
तो ओट्यावर, मी आत लिहितेय. मघाशी हाक मारून म्हणाला, "सकाळी आठचा मुहूर्त हाय, बाई."
बाहेर जाऊन विचारलं, 'इ.स.' खोडून 'शके' लिहायला किती वेळ लागतो रे.
डबा पायाशी ठेवलाय त्यानं. उठून गेला नाही अजून.