शंभरपैकी शंभर चूक

११ सप्टेंबर २०१७, सोमवार
आजपासून नियमित डायरी. फक्त स्वतःसाठी. या गावात माझं बोलणं समजेल असा दुसरा आहे कोण?
डीन गावंडे यांचं नवं खूळ: ऑनलाइन क्विझ. फॉर्मेटिव्ह असेसमेंट म्हणे. म्हणजे गुण द्यायचे नाहीत. पोरांना काय समजलं नाही ते बघायचं आणि आपण आपलं शिकवणं सुधारायचं. माझं शिकवणं सुधारायचं! असो. सर्वोत्तम क्विझ अकोल्याच्या कार्यशाळेत सादर होणार. संस्थेच्या पुण्यातल्या कॉलेजात एक जागा रिकामी आहे, आणि तिथले डीन कार्यशाळेला येणार आहेत. जागा माझीच.

१३ सप्टेंबर
विषय ठरला: ‘रुग्णाची तक्रार ओळखा’. अमरावतीत तीन वर्षं काढली, वऱ्हाडी आता कोळून प्यायलोय. आहेच काय त्यात? ‘ला’च्या जागी ‘ले’ लावायचं, शेवटी ‘राहिलो’ चिकटवायचं. ‘ळ’ पेलत नाही म्हणून फळ्याला ‘फया’, शाळेला ‘शाया’. कॉलेजने स्पीच थेरपिस्ट नेमावा, असं सुचवणार आहे.

१७ सप्टेंबर, रविवार, दुपार
पाच प्रश्न तयार. पाचवा हुकमी, थेट माझ्या ओपीडीतला. कपाशीवर फवारा मारून आलेला पुंजाराम म्हणाला होता, डोया दुखून राहिला. दुसरा कुणी गडबडला असता. मी तत्काळ ओळखलं: डोई, म्हणजे डोकं. गोळी दिली. परत आला नाही, म्हणजे बरा झाला.
पर्याय: डोकं, डोळा, दाढ, मान. उत्तर अर्थातच डोकं. पोरं फसणार.

१९ सप्टेंबर
फसली. शंभरपैकी शंभर! सगळ्यांनी ‘डोळा’ निवडलं. तेही प्रश्न दिसताक्षणी, हसत हसत. उघड कॉपी. शंभर जणांना एकच चूक सुचते का? व्हॉट्सॲप, दुसरं काय.

२१ सप्टेंबर
मिस्बाह केबिनमध्ये आली. अकोटची, पहिल्या बाकावरची. सोबत ललित. ती म्हणाली, सर, आन्सर की चुकलेली वाटते. मी म्हटलं, वैद्यकशास्त्रात मतदान नसतं. ललित म्हणाला, सर, तुमी कोणालेबी इचारून पाहा ना, मेसमधल्या गोदाबाईले इचारा. एम.डी. झालेल्या माणसाने आता मेसमध्ये जाऊन विचारायचं!
सगळ्यांचे इंटर्नलमधले पाच गुण कापले. गुणांची भीती नसेल तर शिक्षण कसलं? मिस्बाह रडली. पाच गेले तर तिला परीक्षेला बसता येत नाही म्हणे. वाईट वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

४ ऑक्टोबर
वॉर्डात फवारणीतून विषबाधा झालेले पेशंट वाढलेत. बाकीचे प्राध्यापक तिकडेच, त्यामुळे क्विझ कुणाचीच झाली नाही. माझी निवड बिनविरोध. वेळेचं नियोजन यालाच म्हणतात. सौ.ला पुण्याला फोन केला: वरची खोली रिकामी करून ठेव.

७ ऑक्टोबर, शनिवार, अकोला
सभागृह भरलेलं. पाचव्या प्रश्नाचा आलेख पडद्यावर आला, मी पुंजारामचा किस्सा सांगून म्हटलं, हा आहे वऱ्हाडातल्या विद्यार्थ्यांचा दर्जा. हशा पिकला. वाटलं, जिंकलं. मग लक्षात आलं की लोक आलेखाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.
अध्यक्ष डॉ. अफसाना, नेत्रतज्ज्ञ. त्या मात्र हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, सर, आमच्याकडे डोया म्हणजे डोळा. त्या पेशंटचं पुढं काय झालं? मी म्हटलं, परत आला नाही.  पुण्याचे डीन चहाला उठून गेले.
परतीच्या एसटीत पुंजाराम आठवत राहिला. त्याचं गावसुद्धा विचारलं नव्हतं. पण एकेका पेशंटला गाव विचारत बसलं तर ओपीडी संपायची कधी?

१० ऑक्टोबर
मिस्बाहने केसपेपर काढून पुंजारामला शोधलं म्हणे. त्याच्या बायकोनं त्याला दुसऱ्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे ओढत नेलं होतं. डोळा वाचला. हायसं वाटलं, खरंच. शिवाय माझ्या गोळीने काही अपाय झालेला नाही, ही नोंद महत्त्वाची.
कापलेले गुण गावंडेंनी परत दिले. मला म्हणाले, क्विझ एकदम यशस्वी झाली, कोणाले काय समजलं नाई ते सापडलं. पुण्याबद्दल बोलले नाहीत. चांदूर बाजारच्या आमच्या आरोग्य केंद्राचा कार्यभार दिला, सहा महिने. रोज ओपीडी, शिकवणं बंद. मोठी जबाबदारी आहे. माझ्याशिवाय देणार कुणाला?

१६ ऑक्टोबर, चांदूर बाजार
पहिली पेशंट इंदूबाई. म्हणाली, डॉक्टर, गया धरून आला. गयेला जातात ते पिंडदानाला, मी तत्काळ ओळखलं. मी खुर्ची पुढे केली, आवाज हळवा केला आणि विचारलं, कोण गेलं? ती पुन्हा म्हणाली, गया, गया! मी म्हटलं, फार वाईट झालं, धीर धरा. तेव्हा तिने गळ्यावर बोट ठेवलं आणि बाहेर रांगेला ओरडून सांगितलं, डॉक्टर बहिरे हायेत, जोरानं बोलजा.
दिवसभर जो तो कानाशी येऊन ओरडत होता. तरी निम्मं कळलं नाही.
संध्याकाळी नर्सने हळूच विचारलं, सर, कानाचं मशीन घरी राहिलं काय?
हो म्हटलं.