भिंतीपलीकडची हाक

रविवार, मोखाडा. गारठा आहे.

अकलोलीच्या गरम कुंडावर जाऊन आलो. ही गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटा. दर हिवाळ्यात आम्ही दोघं जायचो. पुरुषांचं आणि बायकांचं कुंड वेगळं, मध्ये भिंत. आंघोळ झाली की ती भिंतीपलीकडून हाक मारायची. माझं नाव मात्र तिनं कधी घेतलं नाही.

आज गळ्यापर्यंत पाण्यात बसलो होतो, तेवढ्यात हाक आली, "अहो, निघायचं ना?"

"आलो," म्हणालो आणि उठलोसुद्धा. आवाज तिचा नव्हता, हे कळलं कसं नाही मला? शेजारचा माणूसही उठला होता. तो ओशाळं हसला, कपडे घालून गेला.

मी परत पाण्यात बसलो. बोटांना सुरकुत्या पडल्या, तरी भिंतीपलीकडून मला कुणी बोलावलं नाही.