कुर्म्यात न बसलेली

प्रिय चैतू,

मला दिवस गेलेले नाहीत. काल उपकेंद्रात ललिता सिस्टरने लघवी तपासून तसं सांगितलं, तेव्हा तुझी आई शेजारीच उभी होती. तिने पुन्हा विचारलं, सिस्टरने पुन्हा तेच सांगितलं. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचायच्या आतच तू कागद फाडशील अशी भीती वाटते.

पोचूभाऊ मोहफुलं वेचायला गावी आला आणि त्याने तुला फोन केला, हे कळलं मला. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. टेकडी चढून रेंज शोधायची, घंटी पूर्ण वाजू द्यायची आणि खाली उतरायचं, असं चाललं आहे. आता तोच परत तुमच्या मिरचीच्या शेतावर निघाला आहे, म्हणून हे त्याच्याच हाती देते. आत काय आहे ते त्याला माहीत नाही.

पोचूभाऊ खोटं बोलला नाही. सगळ्यांनी पाहिलं तेच त्याने सांगितलं. तू धान कापून तेलंगणात गेलास, त्यानंतर मी एकदा कुर्म्यात बसले. मग बसलेच नाही. शहरातल्या बाईची पाळी चुकली तर ते तिचं तिलाच ठाऊक असतं. आपल्याकडे कुर्मा, पाळीची झोपडी, विहिरीच्या वाटेवर. आत कोण आहे आणि कोण नाही, हे पाण्याला जाणारी प्रत्येक बाई बघते. झिंगूच्या बायकोने आधी हसत विचारलं, "काऊन बाई, कुर्म्याची वाट विसरली का?" नंतर हसणं थांबलं. आता मी विहिरीवर गेले की बोलणंही थांबतं.

पाळी थांबली ती तू गेल्यावर घेतलेल्या सुईने. अंतरा म्हणतात तिला. तीन महिन्यांनी एकदा घ्यायची, मूल राहत नाही. काही बायकांची पाळी तिने बंद होते, त्यात अपाय नसतो, हे आशाताई अंजनाबाईने आधीच सांगितलं होतं. बंद झाली तर बरंच, असं मी म्हणाले. आम्ही दोघी याच गावात राहणाऱ्या, पण कुर्म्याचा विचार एकीच्याही डोक्यात आला नाही. पाळी कोणाला दिसत नाही असं समजून बसलो.

धाकटीच्या बाळंतपणात दवाखान्यात नेताना ट्रॅक्टरमध्ये माझं रक्त थांबत नव्हतं, तेव्हा माझं डोकं तुझ्याच मांडीवर होतं. पुढचं मूल लगेच नको, असं डॉक्टरांनी बजावलं आणि तू मान हलवलीस. घरी आल्यावर मात्र अंजनाबाईने दिलेल्या निरोधमध्ये मोबाईल बांधून तू नदी पार केलीस आणि गावभर सांगत सुटलास. मीही हसले. पण तांबी बसवायचं नाव काढलं तेव्हा तू हसला नाहीस. "डोंगर खाणीले गेला, आता मानसंबी कमी करू का?" म्हणालास. त्यात काही खोटं नव्हतं. पण माणसं वाढवायला मलाच पुन्हा त्या ट्रॅक्टरमध्ये पडायचं होतं.

 उपकेंद्रातून येताना तुझ्या आईने विचारलं, "नवरा तिकडं, मंग सुई कोनासाठी?" सिस्टरचं आणि आईचं ऐकून मूल नाही हे गाव मानेल. पण हा प्रश्न सगळेच विचारतील.

तुझ्यासाठी, चैतू. धाकटी झाल्यापासून तू जवळ आलास की मी झोपेचं सोंग घ्यायचे. तुला वाटलं, हिचं मन उडालं. मन उडालं नव्हतं. तू येशील त्या दिवशी अंगावर भीती नको, एवढ्यासाठी मी सुई घेतली. हे आईला कसं सांगू? माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "रक्त नसलं तरी पाच दिवस कुर्म्यात बसून घे. भात मी आनून देईन. लोकायची तोंडं बंद होतील." तिने माझ्या भल्यासाठीच सांगितलं. पण मग पुढच्या महिन्यातही बसायचं, त्याच्या पुढच्याही. देवाच्या भीतीने जिथे बायका बसतात तिथे खोटं बसणं मला जमणार नाही. मी नाही म्हणाले.

येत्या बाजाराच्या दिवशी गोटुलात माझ्यावरून गावाची बैठक आहे. गावाच्या प्रमुखाने, वारलू गायताने, तुला बोलावलं आहे आणि पोचूभाऊ तुला आणायलाच येतो आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी माझी पुढची सुई आहे, ती मी घेणार. हे तुला चारचौघांत कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. सुईचं तुला माहीत होतं का, असा पहिला प्रश्न तुलाच विचारतील. नव्हतं म्हणालास तर ते खरंच आहे, आणि मग मला माहेरी पाठवतील. सुई आमची दोघांची आहे, असं म्हणालास तर ते त्या दिवसापासून खरं होईल. काय ते वाटेत ठरव. मी बाहेर बायकांत बसलेली असेन. तिथे आतलं सगळं ऐकू येतं.

तुझीच,
सोमारी