मी राणीला घोड्यावर बसवलं

चिरंजीव धाकटीस,
थोरलीचे आशीर्वाद, चिडचिडीसकट.

माझे गुडघे बरे आहेत. लेक 'स्थिर' आहे, असं डॉक्टर सांगतात. स्थिर तर दगडही असतो. तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं?

कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर वाचून दाखवायच्या, ती राजे-राक्षसांची पाच खंडांची कथा मी नातीसाठी आणली. दुकानातली पोरगी म्हणाली, "आजी, हल्लीच्या मुलांना हे जड जातं." म्हटलं, "आम्हाला नवव्या वर्षी पेललं, आणि तेव्हा हातात सुईही होती."

जावई आत लेकीजवळ बसतात. नात आणि मी दवाखान्यातल्या बाकावर बसून वाचतो.

दुसऱ्या खंडाच्या शेवटी राणी मरते, आठवतं? ते पान आलं आणि माझी जीभच वळेना. मी तिला बरी केली, घोड्यावर बसवली. आता चौथ्या खंडात सगळे तिच्यासाठी रडताहेत आणि माझी राणी लढतेच आहे. खोटं रचता रचता नाकी नऊ आले.

काल नात म्हणाली, "आजी, पुस्तकात राणी मेलीये. मी पाहिलं."

तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"पण तू तिला वाचवलंस ना? मग आत जा की. आईला पण वाचव."

धाकटे, आयुष्यात मला कुणी गप्प करू शकलं नव्हतं. मी काय सांगू तिला? तुझं उत्तर यायला आठवडा लागेल, आणि मला आज संध्याकाळी वाचायचं आहे.

तुझी,
शब्द संपलेली ताई